सुशी म्हणजे नेमके काय : मासा, भात की आंबटपणा?

बिवाकाठ
नमस्कार. नोकरीनिमित्त मी गेली सहा वर्षे जपानमध्ये, शिगा प्रांतातील ओत्सू शहरात राहतो. गेल्या महिन्यात अलिबागहून सासूबाई आल्या होत्या. मासे त्यांच्या रोजच्या जेवणातले, परंतु ‘कच्चा मासा मी खाणार नाही, तेव्हा सुशीचे नाव काढू नका’ असे त्यांनी विमानतळावरच बजावले. मी त्यांना समजावले की सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे; नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात आणि सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर व मीठ कालवलेला भात, मग त्याच्यासोबत मासा असो, अंडे असो वा काकडी. पुरावा म्हणून गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेली इनारीझुशी दिली आणि ती त्यांनी आवडीने खाल्ली.

पुढच्याच रविवारी बिवा सरोवराच्या काठावरील एका दुकानात आम्ही फुनाझुशी चाखली. गाभोळी असलेला मासा खारवून, भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवतात आणि त्याचे पातळ काप करून खातात. दुकानदारीणबाईंनी कापण्यापूर्वी माशावरचा भात निपटून काढला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, सुशी म्हणजे भात असे तुम्हीच सांगितलेत ना? मग या बाईंनी तर सुशीच फेकून दिली!”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. जिच्यात भातच मुख्य ती निगिरीही, म्हणजे भाताच्या वळलेल्या मुटक्यावर मासा ठेवलेली, सुशी आणि जिच्यातला भात काढून टाकतात ती फुनाझुशीही सुशी, तर मग या दोघींना बांधणारे सूत्र कोणते? जाणकारांनी सांगावे.

अरसिक
काळपट हिरव्या कागदात गुंडाळलेले काहीही दिसले की ती सुशी, अशी माझी व्याख्या असून ती मला आजवर पुरली आहे.

शब्दवेल्हाळ
अरसिकराव, तुमच्या व्याख्येत निगिरीच बसत नाही, कारण बहुतेक निगिरींना तो कागद, म्हणजे शेवाळापासून केलेली नोरी, लावलेलाच नसतो.

मूळ प्रश्नाचे उत्तर शब्दातच आहे. ‘सुशी’ हे जुन्या जपानी भाषेतील ‘आंबट’ या अर्थाच्या विशेषणाचे रूप मानले जाते. म्हणजे हे नाव ना माशाचे आहे ना भाताचे, ते चवीचे आहे. आज प्रचलित असलेली चिन्हे शुभ अर्थाची म्हणून नंतर जुळवली गेली; जुन्या दोन्ही चिन्हांत मात्र मासा दर्शवणारा भाग आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. सुशीच्या भाताला तेथील आचारी ‘शारी’ म्हणतात. बुद्धाच्या अस्थींना जपानीत ‘शारी’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘शरीर’ या संस्कृत शब्दावरून चीनमार्गे तेथे पोहोचला. भाताची पांढरी शिते त्या अस्थिकणांसारखी दिसतात, म्हणून भातालाही तेच नाव पडले.

कोकणकडा
‘शारी’ हा शब्द ‘शाली’वरून आला नसेल कशावरून? आपल्याकडे साळीचा भात म्हणतातच.

शब्दवेल्हाळ
मोह मलाही झाला होता. जपानीत ‘ल’ हा उच्चार नसल्यामुळे ‘शाली’चेही ‘शारी’च होईल, त्यामुळे दोन शब्दांची सरमिसळ झाली असावी असे म्हणणारेही आहेत. परंतु सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण अस्थींचेच आहे. पंगतीत बसून ‘थोड्या अस्थी वाढा’ म्हणण्याची आपली तयारी नसते, एवढ्यासाठी ते नाकारता येणार नाही.

जुनी पाने
शब्दवेल्हाळ यांनी सूत्र बरोबर पकडले आहे. आता तो आंबटपणा कोठून येतो ते पाहू, कारण सुशीचा सगळा इतिहास त्याच्याच भोवती फिरतो.

भातात मासे आंबवण्याची रीत आग्नेय आशियातील भातशेतीच्या प्रदेशांत, बहुधा मेकाँगच्या खोऱ्यात, सुरू झाली आणि चीनमार्गे जपानला आली असे मानतात. खारवलेला मासा शिजलेल्या भातात दाबून ठेवला की भातातील पिष्टापासून दुग्धाम्ल तयार होते आणि त्या आम्लामुळे मासा कुजत नाही. या प्रकाराला नारेझुशी म्हणतात. भात त्यात माशाला टिकवण्यापुरताच होता, आणि मासा काढेपर्यंत त्याचा आंबट लगदा झालेला असे. इ.स. ७१८च्या योरो संहितेत कर म्हणून भरायच्या जिनसांमध्ये सुशीचा उल्लेख येतो आणि ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या नियमसंग्रहात निरनिराळ्या प्रांतांतून दरबारात येणाऱ्या सुशींच्या नोंदी आहेत. अर्थातच ही सारी सुशी आंबवलेली होती. ताजी ट्यूना कोणी कर म्हणून रस्त्याने पाठवू शकत नव्हते.

पुढे मुरोमाची काळात (चौदावे ते सोळावे शतक) लोकांना धीर धरवेना. मासा पुरता आंबण्याआधीच, भात थोडासा आंबट पण अजून दाणेदार असताना, दोन्ही एकत्र खाण्याची पद्धत पडली. तिला नामानारे म्हणतात. भात पहिल्यांदा ताटात आला तो येथे. त्यानंतर एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) आंबण्याची वाटच कशाला पाहायची, असा विचार होऊन भातात सरळ व्हिनेगर घालू लागले. या झटपट प्रकाराचे नाव हायाझुशी, म्हणजे ‘लवकर होणारी सुशी’.

तेव्हा बिवाकाठ, तुमच्या सासूबाईंनी एकाच आठवड्यात या प्रवासाची दोन्ही टोके पाहिली. दुकानदारीणबाईंनी सुशी फेकली नाही. सुशी ज्यात घडली ते माध्यम फेकले.

बिवाकाठ
आभार. फुनाझुशीबद्दल दुकानात जे समजले ते येथे नोंदवून ठेवतो. यासाठी लागणारा निगोरोबुना हा मासा बिवा सरोवरातलाच आहे. वसंतात गाभोळी भरलेल्या माद्या पकडतात, खवले व आतडी काढतात पण गाभोळी तशीच ठेवतात, आणि काही महिने मिठात मुरवतात. ऐन उन्हाळ्यात मासे धुऊन लाकडी पिंपात भाताच्या थरांत रचतात व वर दगड ठेवतात. मासे साधारण नववर्षाच्या सुमारास तयार होतात, कोणी त्याहून अधिकही ठेवतात. तोवर काटेदेखील मऊ झालेले असतात. वास उग्र, जुनाट चीजसारखा, आणि चव आधी खारट, मग आंबट. बाहेरून आणलेल्या ब्लॅक बास व ब्लूगिल या माशांमुळे आणि काठावरची बोरूची बेटे घटल्यामुळे निगोरोबुना कमी झाला आहे, म्हणून किंमतही चांगलीच आहे. सासूबाईंनी मात्र दोन काप खाऊन ‘सुकटीच्या घरात वाढलेल्या माणसाला वासाचे काय भय’ असे म्हटले.

कोकणकडा
सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. माझा प्रश्न असा की मासा टिकवण्यासाठी भात कशाला खर्च करायचा? आपल्या किनाऱ्यावर मीठ आणि ऊन यांवर काम भागते, आणि गोव्यात सुक्या माशांचे ‘पारा’ नावाचे लोणचे माडाच्या व्हिनेगरमध्ये घालून ठेवतात. आंबटपणा हीच व्याख्या धरली तर पाराही सुशी होईल, आणि तसे म्हणणाऱ्याला म्हापशाच्या बाजारात कोणी उभे करणार नाही.

जुनी पाने
तुमचा आक्षेप योग्य आहे, व्याख्या थोडी घट्ट करावी लागेल. आंबटपणा भाताशी निगडित असला पाहिजे. नारेझुशीत भात स्वतः आंबतो आणि माशाला आंबवतो. आजच्या सुशीत भाताला बाहेरून आंबट केले जाते. पाऱ्यात भात कोठेच येत नाही.

भात का, याचे उत्तर पावसात आहे. उष्ण, दमट हवेत मासा वाळवणे अवघड जाते, आणि भातखाचरांतील व नद्यांतील मासे एकदम मोठ्या संख्येने मिळतात तेव्हा भात हाताशी असतोच.

गोव्याचा विषय निघालाच आहे, तर ओसाकाच्या ‘बात्तेरा’चे नाव घेतो. व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगड्याच्या कुळातला साबा मासा भातावर ठेवून लाकडी साच्यात दाबतात आणि वर कोंबू शेवाळाचा पारदर्शक पापुद्रा लावतात. तिचा पहिला आकार होडीसारखा होता, म्हणून लहान होडीसाठी असलेल्या ‘बातेइरा’ या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव पडले. ज्या दर्यावर्दींनी आपल्याला ‘पाव’ दिला त्यांनीच जपानला त्याच अर्थाचा ‘पान’ दिला.

तोक्योकर
चर्चा फार प्राचीन काळात रमली आहे. सुशी हा शब्द जगभर पोहोचवला तो एदोच्या निगिरीने, म्हणून तिच्याबद्दल लिहितो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १८२०च्या दशकात, एदोमध्ये म्हणजे आजच्या तोक्योत निगिरी रुजली आणि तिचे श्रेय सहसा र्‍योगोकू येथील हानाया योहेई (१७९९–१८५८) यांना देतात. हातगाडीवर उभ्या उभ्या खाण्याचा तो पदार्थ होता. मजूर, कारागीर, नाटकाला जाणारे लोक येता-जाता दोन-तीन घास उचलत, आणि तो घास आजच्या निगिरीच्या दुप्पट-तिप्पट मोठा असे. आपल्याकडचा वडापाव डोळ्यांसमोर आणला तरी चालेल. भातात तेव्हा साके या तांदळाच्या मद्याच्या चोथ्यापासून केलेले लालसर व्हिनेगर घालत. हांदा येथील नाकानो माताझाएमोन यांनी १८०४ मध्ये त्याचा व्यवसाय सुरू केला आणि ते महागड्या तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा स्वस्त असल्यामुळे एदोच्या सुशीवाल्यांनी उचलून धरले.

महत्त्वाचा मुद्दा असा की या निगिरीतला मासा बहुधा निव्वळ कच्चा नसे. बर्फ नव्हता, त्यामुळे कोहादा हा लहान मासा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवत, आनागो ही वाम शिजवून घेत, कोळंबी उकडत, आणि ट्यूनाचे काप सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत. मुरवणे, शिजवणे, बुडवणे हेच एदोच्या पद्धतीचे खरे कसब होय. आज ज्याच्यासाठी लोक खिसा रिकामा करतात तो ट्यूनाचा तेलकट तोरो तेव्हा हलका समजला जात असे, कारण तो टिकत नसे. कच्चा मासा म्हणजे सुशी ही समजूत शीतपेटीच्या काळातली आहे.

निगिरी देशभर पसरण्यामागे दोन संकटे आहेत. १९२३च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतील अनेक सुशी-कारागीर गावोगावी गेले. महायुद्धानंतर अन्नाच्या टंचाईमुळे उपाहारगृहांवर निर्बंध आले, तेव्हा १९४७ मध्ये एक तोडगा निघाला : गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर मापाचा तांदूळ आणून द्यायचा आणि दुकानदाराने मजुरी घेऊन दहा निगिरी करून द्यायच्या. निगिरीचा आजचा लहान आकार बऱ्याच अंशी त्या मापाने ठरला.

ओसाकाची सून
तोक्योकरांचे सर्व मान्य करून एवढेच म्हणते की निगिरीखेरीज जपान आहे. ओसाकात साच्यात दाबलेली ओशिझुशी ही घरची सुशी. नारामध्ये पर्सिमॉनच्या पानात गुंडाळतात आणि तोयामात मासुझुशी बांबूच्या पानांवर गोल डब्यात दाबतात. क्योतोला समुद्र नाही. तेथला साबा वाकासाच्या किनाऱ्यावरून मीठ लावून डोंगरवाटेने येई आणि पोहोचेपर्यंत नेमका मुरलेला असे. त्या वाटेला आजही साबाची वाट म्हणतात. आमच्याकडचा भात तोक्योपेक्षा गोड असतो, आणि माझ्या सासूबाईंच्या मते तोक्योच्या भातात साखर कमी असते ती मनाच्या कोतेपणामुळे. हे मत त्यांचे आहे.

फिरत्या पट्ट्यावरची सुशीदेखील ओसाकाचीच देणगी आहे. शिराइशी योशिआकी यांनी बिअरच्या कारखान्यातील पट्टा पाहून ही कल्पना उचलली आणि १९५८ मध्ये पहिले दुकान उघडले. १९७०च्या ओसाका प्रदर्शनानंतर ती सगळीकडे गेली. शिवाय तीन मार्चच्या मुलींच्या सणाला घरोघर जी होते ती चिराशी असते, परातीतला मोकळा भात आणि वर अंड्याच्या पातळ कापट्या, मशरूम, कमळकाकडी. तिला ना आकार असतो ना गुंडाळी.

तोक्योकर
आपल्या सासूबाईंच्या मताची नोंद घेतली. भाताला साखर लावून पाहुण्यांची मने जिंकण्याची गरज तोक्योला भासली नाही, एवढेच उत्तर देतो.

शुद्ध शाकाहारी
इतक्या माशांमधून वाट काढत येथवर आलो. माझ्यासारख्याने जपानमध्ये सुशीच्या दुकानात पाऊल टाकावे की नाही?

ओसाकाची सून
अवश्य टाकावे. काकडीची गुंडाळी, म्हणजे काप्पामाकी, मिळते. काप्पा नावाच्या जलराक्षसाला काकडी फार आवडते, म्हणून ते नाव. तुम्हाला जवळचा वाटेल असा प्रकार म्हणजे कानप्योमाकी. कानप्यो म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीच्या फळाच्या लांब पट्ट्या काढून वाळवलेले सुकवण, जे बहुतांश तोचिगी प्रांतात होते. ते भिजवून सोया सॉस व साखरेत शिजवतात. एदोच्या जुन्या दुकानांत नुसते ‘गुंडाळी द्या’ म्हटले तर हीच मिळे.

परंतु एक सावधगिरी बाळगावी. कानप्यो आणि इनारीचा टोफू ज्या रसात शिजवतात त्यात बहुधा बोनिटो माशाच्या सुकवलेल्या किसाचा दाशी, म्हणजे पातळ अर्क, असतो. डोळ्यांना मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. आपण कोंबू शेवाळाचा दाशी वापरून घरी केल्यास प्रश्न मिटतो.

अरसिक
दुधी भोपळ्यापासून पळून मी परदेशी पदार्थांच्या धाग्यावर आलो होतो. तो येथेही भेटला.

जर्सीची माई
आमच्या न्यू जर्सीतील मराठी मंडळींच्या भिशीत अॅव्होकॅडो आणि खेकड्याच्या नकली मांसाची कॅलिफोर्निया रोल हीच सुशी समजली जाते. तिच्यात भात बाहेर आणि नोरी आत असते, कारण अमेरिकी गिऱ्हाइकांना नोरी दिसलेली आवडत नसे, असे सांगतात. तिचा जनक कोण यावर लॉस एंजेलिस आणि व्हँकुव्हर यांच्यात वाद आहे. तुमच्या आंबट भाताच्या व्याख्येत ती चपखल बसते, तरी जपानी शेजारीण तिला सुशी म्हणताना किंचित थांबते. मग व्याख्या पुरेशी कशी?

तोक्योकर
माईंच्या शेजारणीचे थांबणे मला समजते, पण तिच्याच देशात आता मुलांची आवडती निगिरी साल्मनची असते, जी तोक्योच्या जुन्या परंपरेत नव्हतीच. प्रशांत महासागरातील साल्मनमध्ये परजीवी असतात म्हणून तो कच्चा खात नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला साल्मन विकण्यासाठी जपानमध्ये मोहीम चालवली आणि हळूहळू तो सुशीवर चढला. गुन्कानमाकी, म्हणजे नोरीची उभी भिंत करून वर माशाची अंडी ठेवलेला प्रकार, तोही १९४१ मध्ये गिन्झातील क्युबेई या दुकानात जन्मला. परंपरेची वयोमर्यादा ठरवू लागलो तर निम्मे ताट उचलावे लागेल. मी कॅलिफोर्निया रोलला सुशी म्हणतो. क्रीम चीज घातलेल्या प्रकाराबद्दल मात्र मी मौन पाळतो.

सूक्ष्मदर्शी
परजीवींचा उल्लेख झाला म्हणून लिहितो, कारण हा धागा वाचून कोणी बाजारातून सुरमई आणून घरी निगिरी करायला बसेल. अनिसाकिस हा कृमी व्हिनेगरने मरत नाही, वसाबीने मरत नाही आणि सोया सॉसनेही मरत नाही. पुरेशी उष्णता किंवा खोल गोठवण हेच उपाय आहेत. जपानमध्ये उणे २० अंश सेल्सिअसला २४ तास गोठवण्याची शिफारस आहे, आणि माशाच्या गाभ्यापर्यंत ते तापमान पोहोचले पाहिजे. घरातील साध्या फ्रिजरचा त्यासाठी भरवसा धरू नये. गोड्या पाण्यातील मासे तर कच्चे खाऊच नयेत.

भाताबद्दलही एक शब्द. व्हिनेगरमुळे भातातील जंतूंची वाढ मंदावते, तो निर्जंतुक होत नाही. नारेझुशीतील जिवाणू महिनोन्‌महिने राबून जे आम्ल तयार करत, त्याच्या जागी आपण बाटलीतून काही चमचे ओततो.

शब्दवेल्हाळ
अरसिकरावांच्या ‘काळपट हिरव्या कागदा’वर थोडे विषयांतर करतो. नोरी ज्या शेवाळापासून करतात त्याचे जीवनचक्र कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे पीक कधी येई, कधी बुडे. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवले की हे शेवाळ आयुष्यातील एक टप्पा शिंपल्यांच्या आत सूक्ष्म तंतूंच्या रूपात काढते. त्या आधारावर जपानी संशोधकांनी बीज तयार करण्याची पद्धत बसवली आणि नोरीची शेती सावरली. कुमामोतो प्रांतातील उतो येथे ड्रू-बेकर यांचे स्मारक असून दरवर्षी १४ एप्रिलला त्यांचे स्मरण केले जाते. त्या बाई स्वतः कधी जपानला गेल्या नव्हत्या.

मावळची सुगरण
चर्चा वाचून परवा घरी प्रयोग केला. जपानी आखूड तांदूळ मिळाला नाही म्हणून आमच्या शेतातला इंद्रायणी घेतला, कारण सुशीला चिकट भात लागतो आणि बासमतीचा घास काही केल्या वळत नाही. दोन वाट्या तांदळाला पाव वाटी तांदळाचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ घेतले. गरम भात लाकडी काठवटीत पसरून, उलथन्याने कापल्यासारखा कालवत, घरातल्यांकडून पंख्याने वारा घालून घेतला. चव उत्तम आली, सुगंधही राहिला. परंतु पाणी नेहमीच्या सवयीने घातल्यामुळे भात फार मऊ झाला, गुंडाळी कापताना फिसकटली आणि निगिरी बोटांनाच चिकटून राहिली. आता काय करावे?

ओसाकाची सून
ताई, पाणी पुढच्या वेळी तांदळाइतकेच घ्या आणि हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवत राहा. या वेळी झालेला भात मात्र फेकू नका. परातीत पसरून वर अंड्याच्या कापट्या, उकडलेले मटार आणि परतलेली मशरूम घाला. ती चिराशी झाली.

बिवाकाठ
सर्वांच्या उत्तरांचा गोषवारा काल सासूबाईंना फोनवर ऐकवला : नाव चवीचे आहे, ती आंबट चव भाताकडून येते, आणि तो भात आधी माशाची राखण करत होता, नंतर माशाच्या बरोबरीने ताटात येऊन बसला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या बाईंनी काढून टाकलेला भात खातात तरी का?” मी पुन्हा निरुत्तर झालो, म्हणून आज दुकानात जाऊन विचारले. काहीजण तो भात खातात, असे कळले. बाईंनी थोडा एका डबीत घालून दिला आहे. आंबटपणा असा की डोळे मिटतात.

अरसिक
तो भात नोरीत गुंडाळून पाहा आणि मग सांगा, माझी व्याख्या चुकली होती का.